पराभवाचे खापर तोड्याच्या बंदुकीवर

मराठेशाहीच्या पराभवावर व्याख्यान असले की एक वाक्य हमखास येते : इंग्रजांच्या हाती चकमकीच्या बंदुका होत्या आणि आमचे लोक अजून तोडा फुंकत बसले होते, म्हणून राज्य गेले. श्रोते हळहळतात, माना डोलावतात आणि शंभर वर्षांच्या राजकारणाचा निकाल अर्ध्या मिनिटात लावून घरी जातात. हेच वाक्य लेखांत येते, गडावर माहिती सांगणाऱ्याच्या तोंडी येते, शाळेतल्या वक्तृत्वस्पर्धेत येते. इतक्या ठिकाणी इतक्या खात्रीने म्हटले जाणारे वाक्य कोणी तपासायचेच नाही का?

मत अर्धवट मांडून खोडणे सोपे असते, म्हणून ते पुरते मांडतो. ठासणीच्या बंदुकीला आग देण्याच्या पद्धतींची म्हणे एक शिडी आहे. तळाच्या पायरीवर जळता तोडा, मधल्या पायरीवर चकमकीची गार, वरच्या पायरीवर टोपी, म्हणजे आजच्या कोकणातल्या बोलीत केप. युरोप ही शिडी भराभर चढला, आम्ही तळाशीच बसून राहिलो. तोडा पावसात विझतो, वाऱ्यात ठिणग्या उडवतो, रात्री शत्रूला आपला ठावठिकाणा सांगतो. चकमकीत यातला एकही दोष नाही. ज्याने चकमक घेतली तो जिंकला, ज्याने तोडा सोडला नाही तो हरला. आणि आम्ही तोडा सोडला नाही याचे कारण आमच्या अंगी मुरलेली नव्याची नावड. हे मत मला पटत नाही एवढे म्हणून थांबता येणार नाही. ते चुकीचे आहे, आणि त्याच्या आडोशाला पराभवाची खरी कारणे सुखाने लपून बसली आहेत.

आधी बंदूक हातात घेऊ. ठासणीची बंदूक कोणत्याही जातीची असो, दारू आणि गोळी नळीच्या तोंडातूनच घालायची आणि गजाने ठासायची. फरक आहे तो नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या एका इवल्याशा भोकात आग कशी पोचवायची एवढ्यापुरता. त्या भोकाला काना म्हणतात. तोड्याच्या बंदुकीत कान्याच्या बाहेर एक छोटा प्याला असतो. त्यात रंजक, म्हणजे बारीक दळलेली दारू, भरायची. दस्त्याच्या चिरेतून वर आलेल्या चिमट्यात सोऱ्याच्या पाण्यात मुरवलेला सुती तोडा धुमसत असतो. प्याल्याचे झाकण सरकवायचे, तोड्यावर फुंकर घालून राख उडवायची आणि चाप दाबायचा. चिमटा पुढे झुकतो आणि निखारा रंजकेवर टेकतो. आत एक तरफ आणि फार तर एक हलकी कमान, याउपर काही नाही. दस्त्यापाशी साखळीला बांधलेली एक सुई असते, काना चोंदला तर मोकळा करायला. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा कातड्यात आवळलेला असतो आणि समोरची पोलादी पट्टीच प्याल्याचे झाकण असते. ताठ कमानीच्या जोराने घोडा पट्टीवर आपटतो, पट्टी उलटते, प्याला उघडा पडतो आणि ठिणग्या रंजकेत उडतात. टोपीच्या बंदुकीत रंजक नाहीच. पोकळ बोंडीवर तांब्याची टोपी बसवायची, तिच्या बुडाशी मर्क्युरी फल्मिनेटचा लेप. घोडा पडला की टोपी फुटते आणि आग सरळ आत जाते.

आता पहिला मुद्दा, युरोप भराभर चढल्याचा. चकमकीची पक्की रचना फ्रान्समध्ये १६१० च्या सुमारास तयार झाली; मारँ ल बूर्ज्वा या कारागिराने ती तेराव्या लुईसाठी केली असे मानले जाते. मग फ्रान्सच्या सामान्य शिपायाच्या हाती ती कधी आली? सतराव्या शतकाच्या अगदी अखेरीस. मध्ये ऐंशीहून अधिक वर्षे गेली. तीस वर्षांचे युद्ध, इंग्लंडचे यादवी युद्ध, चौदाव्या लुईच्या बहुतेक मोहिमा, हे सगळे मुख्यतः तोड्याच्या बंदुकीवर लढले गेले. शिवाजी महाराजांचे निधन १६८० चे. त्या दिवशी युरोपातल्या पायदळाचा सामान्य शिपाईही तोडाच फुंकत होता. मावळ्याला मागास ठरवायचे असेल तर व्हर्सायच्या शिपायाला त्याच ओळीत उभे करावे लागेल. तेवढी तयारी या वक्त्यांची आहे का?

युरोपने ऐंशी वर्षे का घेतली हे पाहिले तर शिडीची कल्पनाच मोडते. इंग्लंडात १६८५ साली रॉयल फ्युझिलियर्स ही पलटण उभी राहिली ती तोफखान्याच्या राखणीसाठी. तोफांच्या दारूच्या पिंपांभोवती जळते तोडे घेऊन माणसे फिरवणे धोक्याचे, म्हणून तिच्या हाती चकमकीच्या बंदुका दिल्या. बाकीच्या पायदळाला तोडा चालत होता, तो चालू ठेवला. काम पाहून पेटवणी निवडली गेली. पुढे नळीच्या तोंडावर बसणारी संगीन आली, भालाईत गेले, शिपायांच्या रांगा खांद्याला खांदा लावून उभ्या राहू लागल्या, तेव्हा शेजाऱ्याच्या दारूच्या पिशवीपासून हातभर अंतरावर निखारा धरणे अशक्य झाले. चकमकीची निवड या दाट रांगेमुळे झाली. जिथे दाट रांग नाही, जिथे माणूस बुरुजाच्या जंगीतून, झाडाआडून, खिंडीच्या तोंडावरून एकटा नेम धरतो, तिथे या फायद्याचा उपयोग काय? जपानात पोर्तुगीजांनी १५४३ साली तोड्याची बंदूक आणली आणि जपानी कारागिरांनी ती तीनशे वर्षे बनवली. चकमक त्यांनी पाहिली होती. त्यांना कोणी आळशी म्हणत नाही.

पावसाचा मुद्दा फार आवडीने मांडला जातो. तोडा पावसात निकामी होतो हे खरेच. पण चकमकीचा प्याला उघडल्याबरोबर त्यातली रंजक तितकीच भिजते, हे कोणी सांगत नाही. मे १८४१ मध्ये चीनमधल्या कँटनबाहेर सानयुआनलीच्या भाताच्या खाचरांत ३७व्या मद्रास नेटिव्ह इन्फंट्रीची एक तुकडी वादळी पावसात वेगळी पडली. भोवती भाले घेतलेले हजारो गावकरी. आपलेच देशी शिपाई, हाती कंपनीच्या चकमकीच्या बंदुका, आणि बंदुका पेटेनात. त्यांना सोडवून आणले ते टोपीच्या बंदुका असलेल्या मरीन शिपायांनी. पलाशीला, २३ जून १७५७ रोजी, दुपारी सर आली आणि नवाबाच्या तोफा गप्प झाल्या, कारण दारू उघड्यावर भिजली होती. क्लाइव्हच्या लोकांनी दारूवर ताडपत्री टाकली होती. त्या दिवशीचा फरक ताडपत्रीने घडवला. पेटवणीचा तिथे संबंधच नव्हता.

आणि पावसाळ्यात आमच्या फौजा लढत होत्याच किती? दसऱ्याला सीमोल्लंघन करायचे आणि मृगाआधी छावणीला परतायचे, हा आमचा शिरस्ता. गडावर मात्र बारा महिने पहारा, आणि तिथे पावसाचा विचार किती बारकाईने केलेला होता हे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वाचावे. पावसाळ्यात तोफांना तेल-मेण द्यावे, त्यांचे काने मेणाने बुजवावेत, वर आच्छादन घालावे. दारूखाना घरांजवळ नसावा. आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून उन्हे द्यावीत आणि पुन्हा मोहोर करून ठेवावी. कान्यात मेण भरायला सांगणारा माणूस आगीच्या व्यवहाराबद्दल बेफिकीर होता असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आता खात्रीचा मुद्दा. चकमकीचा बार हमखास आणि तोड्याचा भरवसा नाही, हे तर अगदी सरसकट सांगितले जाते. ब्रिटिश सरकारने १८३४ साली वुलिच येथे चकमक आणि टोपी यांची तुलना केली. प्रत्येक जातीचे ६००० बार काढले. टोपीच्या बंदुका ३६ वेळा फसल्या. चकमकीच्या किती फसल्या? ९२२ वेळा. सहा-सात बारांमागे एक बार फुकट. ही आकडेवारी शत्रूने पसरवलेली नाही. जी बंदूक घेऊन त्यांनी हिंदुस्थान घेतला तिचीच त्यांनी स्वतः केलेली परीक्षा आहे. गारेची धार वीस-तीस बारांत बोथटते, पट्टीवर ठिणगी पडेनाशी होते, कमान सैल होते. याउलट कोरड्या हवेत नीट धुमसणारा निखारा रंजकेवर टेकला की रंजक पेटायलाच हवी. त्यात ठिणगीच्या नशिबाचा भाग नाही. शिवाय तोड्याचा चिमटा हलकेच टेकतो. चकमकीचा घोडा ऐन नेमाच्या क्षणी धाडकन आपटून बंदूक हलवतो. जो एका गोळीवर सावज किंवा माणूस टिपणार आहे त्याने यातली कोणती बंदूक घ्यावी?

वेगात मात्र चकमक सरस होती, हे मी मान्य करतो. कवायत शिकलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढी. तोडेवाल्याला ते जमत नसे. पण या वेगातला मोठा वाटा कागदी काडतुसाचा आणि रोजच्या घोटून घेतलेल्या कवायतीचा. मोजून भरलेली दारू आणि गोळी एकाच पुडीत, पुडी दाताने फाडायची, नळीत ओतायची, ठासायची, आणि हे सगळे हुकमावर, शंभर माणसांनी एका ठेक्यात. हा ठेका बंदुकीसोबत पेटीतून येत नाही. त्यासाठी शिपायाला महिन्याच्या महिन्याला पगार द्यावा लागतो, त्याला वर्षभर छावणीत ठेवावे लागते, आणि त्याच्यावर ओळखीचा, टिकणारा अधिकारी नेमावा लागतो.

इथून आपण रणांगणावर येतो, आणि या मताचे सगळ्यात मोठे खोटे इथे उघडे पडते. चकमकवाला जिंकला, तोडेवाला हरला, असे म्हणणाऱ्याने पानिपताकडे पाहिलेच नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी चकमक कोणाच्या बाजूला होती? आपल्या. काशीराज पंडिताच्या वृत्तांतात इब्राहिमखान गारद्याकडे युरोपीय पद्धतीने कवायत शिकवलेले सुमारे नऊ हजार बंदूकवाले आणि चाळीस तोफा असल्याचे सांगितले आहे. फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली तयार झालेला हा माणूस. त्या सकाळी त्याच्या पलटणींनी संगिनी रोखून रोहिल्यांची फळी फोडली. समोर लांब नळीच्या तोड्याच्या बंदुका आणि उंटांवरचे जंबुरे बाळगणारे लोक होते. संध्याकाळी काय झाले ते सगळ्यांना माहीत आहे. अडीच महिने वेढल्यासारखी राहिलेली, उपाशी, धान्य आणि चारा तुटलेली फौज, आणि अब्दालीने हाताशी राखून ठेवलेले ताज्या दमाचे लोक, यांच्यापुढे गारद्यांची चकमक काय करणार होती? पानिपत तोड्यामुळे गेले म्हणणे म्हणजे इब्राहिमखानाच्या मेलेल्या शिपायांना दुसऱ्यांदा मारणे आहे.

अठरा वर्षांनी डाव उलटा पडला. राघोबादादाला गादीवर बसवायला मुंबईहून निघालेली इंग्रज फौज चकमकी आणि संगिनी घेऊन बोरघाट चढली. कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्यूअर्ट, आपला इष्टुर फाकडा, पडला. पुढे तळेगाव जाळलेले, दाणागोटा बंद, मागची वाट कापलेली. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला त्यांनी हात टेकून तह लिहून दिला. ज्या मराठी फौजेने हे केले तिच्यात तोडेवाले भरपूर होते. श्रीरंगपट्टणला टिपूचे कारखाने स्वतः चकमकीच्या बंदुका बनवत होते, शिवाय अग्निबाण होते. तरी ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले. आणि भोकरदनजवळचे असईचे रण? २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंद्यांच्या कंपूंच्या, म्हणजे कवायती पलटणींच्या, हातात इंग्रज सेनापती वेलस्लीच्या शिपायांच्या हातात होत्या तशाच बंदुका होत्या. वेलस्लीचे ४२८ मेले, ११३८ जखमी झाले, १८ बेपत्ता झाले. इतक्या लहान फौजेला इतकी जबर किंमत मोजायला लावणारे लोक हत्यारात कमी होते असे कोणी म्हणेल का? कमी काय होते ते त्या ऑगस्टमध्येच ठरले होते. गव्हर्नर जनरलने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरीतल्या ब्रिटिश प्रजाजन अधिकाऱ्यांना पेन्शनच्या आश्वासनावर बोलावून घेतले. सप्टेंबरात शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ स्वतःच इंग्रजांच्या स्वाधीन झाला. पलटणी उभ्या, बंदुका झळझळीत, आणि हुकूम देणारे दुसऱ्याच्या तंबूत.

कारागीर नव्हते म्हणून चकमक जमली नाही, अशी एक पळवाट इथे काढली जाते. तीही बंद करू. आपल्या लोहारांच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या नळ्यांची ख्याती होती. गोळी लांब फेकण्यात त्या कंपनीच्या बंदुकीला भारी पडत. अफगाण जझैलींनी १८४१-४२ च्या काबूलच्या डोंगरांत ब्रिटिशांना जे दाखवले ते लांब नळीचेच काम. त्यातल्या काही तोड्याच्या होत्या, काही चकमकीच्या. चकमकीचा अवघड भाग म्हणजे कमानीचे आणि पट्टीचे पोलाद पाणी देऊन बरोबर ताठ करणे. तेही इथे झाले. महादजी शिंद्यांसाठी द बॉयनने उभ्या केलेल्या आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाच्या स्कॉट माणसाच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जात आणि बंदुका बनत. आणि हाच द बॉयन, सव्हॉयचा, युरोपातल्या सैन्यांत मुरलेला, ज्याला नव्याची नावड असण्याचे कारण नव्हते, त्याने आपल्या ब्रिगेडमध्ये काय केले? तेलंगा पलटणींना चकमक दिली आणि नजीब पलटणींच्या हाती तोडाच ठेवला. वर त्या तोड्याच्या बंदुकांना संगिनी जोडल्या. उत्तर हिंदुस्थानातली सर्वांत यशस्वी कवायती फौज दोन्ही पेटवण्या बाळगून लढत होती. हे करणारा मागास नव्हता, मग आम्ही तेच केले तर मागास का?

द बॉयनने आणखी एक गोष्ट केली होती, आणि माझ्या मते खरा फरक त्या गोष्टीत आहे. आपल्या पलटणींच्या खर्चासाठी त्याने दुआबातला मुलूख जायदाद म्हणून तोडून घेतला आणि शिपायांचे पगार वेळेवर दिले. बाकीच्या मराठी दरबारांत थकबाकी हा रोजचा प्रकार होता. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात घुसलेले गारदी नव्या पद्धतीचेच शिपाई होते. थकलेला पगार मागण्याच्या निमित्ताने ते आत शिरले आणि नारायणराव पेशव्याचे तुकडे करून बाहेर पडले. नवे हत्यार, नवी कवायत आणि रिकामा खजिना एकत्र आले की काय होते, हे पुण्याने इतक्या जवळून पाहिले. तरी आजही आपण चकमकीच्या गारेवर चर्चा करतो आहोत.

टोपीची कहाणी या मताला सर्वांत अडचणीची आहे, म्हणून ती बहुधा सांगितलीच जात नाही. ॲबर्डीनशायरमधल्या बेलहेल्वीचा पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ याला शिकारीचा नाद. चकमकीच्या प्याल्यात रंजक भपकन पेटली की पक्षी सावध होऊन उडत, कारण बार व्हायला मधे क्षण जाई. त्याने फल्मिनेटचा उपयोग करून १८०७ मध्ये पेटंट घेतले. त्यातून पुढच्या पंधरा वर्षांत तांब्याची टोपी निघाली. वुलिचच्या परीक्षेनंतर ब्रिटिश सैन्याने ती घेतली. १८५३ ची एन्फिल्ड, जिच्या काडतुसाच्या चरबीवरून १८५७ पेटले, ती टोपीचीच आणि ठासणीचीच बंदूक. बंडवाल्या शिपायांच्या हाती होत्या त्या बंदुकाही टोपीच्याच, म्हणजे शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवरच्या. ११ मे १८५७ रोजी दिल्लीचे दारूगोळ्याचे कोठार विलबी या इंग्रज अधिकाऱ्याने उडवून दिले. आणि मग दिल्लीत टोप्यांचा तुटवडा पडला. दारू घरी करता येते. सोरा, गंधक आणि कोळसा या देशात मुबलक, किंबहुना पाटण्याचा सोरा युरोपला पुरवून पुरवून कंपनी श्रीमंत झाली. शिसे वितळवून गोळी ओतता येते. गार सापडली नाही तर दख्खनच्या काळ्या दगडातली गारगोटी फोडून भागवता येते. तोडा तर कोणीही वळावा. पण पारा, नत्राम्ल आणि मद्यार्क यांपासून फल्मिनेट बनवून तांब्याच्या बारीक पेल्यात चिकटवण्याचे काम कारखान्याशिवाय होत नाही. कारखाना ज्याचा, बंदूक त्याची. टोपी संपली की टोपीची बंदूक म्हणजे संगीन लावलेला दांडा. ज्यांच्या घरी जुन्या तोड्याच्या बंदुका होत्या त्यांच्या बंदुका तरी वाजत राहिल्या.

पेटवणी निवडताना दारूगोळा कोण पुरवणार, दुरुस्ती कोण करणार, हत्यार कोणत्या हवेत आणि किती माणसांच्या रांगेत वापरायचे, हे प्रश्न आधी येतात. गावच्या लोहाराकडून तरफ ठोकून घेता येणारी बंदूक निवडणारा किल्लेदार हेच प्रश्न विचारत होता. इंग्रजांना ते पुरते कळले होते. म्हणूनच बंडानंतर त्यांनी देश निःशस्त्र केला आणि १८७८ च्या शस्त्रकायद्याने ते कायमचे करून ठेवले. खडकीला १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला, सरकारचा. आजही रत्नागिरी-सिंधुदुर्गात पीक-संरक्षणाच्या परवान्यावर केपाची बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्याला बंदुकीपेक्षा केपांची काळजी अधिक.

कोणी म्हणेल, हा सगळा जुना इतिहास. आज तरी अधिक जोराची ठिणगी म्हणजे अधिक चांगली पेटवणी, हे मान्य करा. तेही खरे नाही. अमेरिकेत ठासणीच्या बंदुकीने शिकार करणारे लाखो लोक आहेत आणि ते आजही निवड करतात. शॉटगनच्या काडतुसातला २०९ क्रमांकाचा प्रायमर ११ क्रमांकाच्या टोपीपेक्षा कितीतरी गरम. उशिरा पेटणाऱ्या नव्या बदली-दारूंना तो मानवतो. अस्सल काळ्या दारूला साधी टोपी पुरते. ट्रिपल सेव्हन नावाच्या दारूबरोबर नेहमीचा २०९ वापरला की नळीत काजळीचे कडक कडे धरते आणि पुढची गोळी ठासताना घाम फुटतो. म्हणून कारखानदारांनी मुद्दाम कमी जोराचा २०९ काढला. आयडाहोत ठासणीच्या बंदुकांच्या खास हंगामात २०९ चालतच नाही. पेनसिल्वेनियात नाताळानंतरचा एक हंगाम फक्त चकमकीच्या बंदुकांसाठी राखून ठेवला आहे. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातले लोक जुनी पेटवणी विचारपूर्वक हाती घेतात तेव्हा ती आवड ठरते. मग आमच्या बुरुजावरच्या माणसाने घेतली की तो अडाणी?

मराठ्यांनी भौतिक शास्त्रांकडे दुर्लक्ष केले, ही तक्रार इतिहासकार राजवाड्यांपासून केली जाते आणि ती रास्त आहे. छापखाना, नकाशे, समुद्रज्ञान, धातूंचा पद्धतशीर अभ्यास यांत आपण मागे होतो. पण ज्याला ही तक्रार करायची त्याने त्या गोष्टींबद्दल करावी. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या माळावर होळकर एका बाजूला, पेशवे आणि शिंदे दुसऱ्या बाजूला, असे मराठेच मराठ्यांवर तुटून पडले, आणि दोन्हीकडे चकमकवाल्या कवायती पलटणी होत्या. दुसरा बाजीराव पळाला. ३१ डिसेंबरला वसईला तह झाला आणि इंग्रजी पलटण पेशव्याच्या खर्चाने पेशव्याच्या राखणीला आली. राज्य तिथे गेले. गेले ते भाऊबंदकीने, थकलेल्या पगाराने, भाडोत्री अधिकाऱ्यांवर टाकलेल्या भिस्तीने आणि धन्याच्या भित्रेपणाने. यातली एकही गोष्ट तोड्याने केलेली नाही, आणि चकमकीने टळली असती अशीही एक नाही.

पुण्याच्या केळकर संग्रहालयात किंवा कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात गेलात तर शस्त्रांच्या दालनात थोडे थांबा आणि जुन्या बंदुकांचा प्याला, चिमटा आणि नळीवरचे काम नीट निरखा. आणि पुढच्या वेळी व्याख्यानात ते ठरलेले वाक्य आले की उभे राहून वक्त्याला विचारा : पानिपतावर चकमक कोणाकडे होती, आणि वसईच्या तहावर सही करताना बाजीरावाच्या कपाळावर कोणती बंदूक रोखलेली होती? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.